पाणकराची पायली

४ एप्रिल

इतिहासानं दखल घ्यावी असा अन्याय! मिक्सरचं भांडं आज तिसऱ्यांदा तलावाच्या पाळीवरून परत गेलं. कुरिअरवाल्याचा फोन— "म्याडम, लोकेशन त पान्यात दाखवून राह्यलं! पोहत येऊ का?" म्हटलं, बाबा रे, मूल रोड सोड, भातगिरणीच्या मागे वळ, पाटाच्या कडेला पिवळं घर. "पन मोबाइल नाई म्हनते ना!" मोबाइल नाही म्हणतो म्हणजे विषयच संपला. सव्वीस वर्षं पोरांना भूगोल शिकवते आणि माझाच पत्ता पाण्यात.

चटणी पाट्या-वरवंट्यावर वाटली. गुणवंतराव बोटं चाटत म्हणाले, "आज चव आली बाप्पा." म्हणजे लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आज आली!

१० एप्रिल

पोचूभाऊ आला. तो तलावाचा पाणकर. कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी, किती पाणी सोडायचं ते तो ठरवतो. त्याच्या आधी त्याचा बाप ठरवायचा. धान निघालं की लोखंडी पायली घेऊन दारोदार फिरतो, पायलीभर धान हा त्याचा हक्क. यंदा तापानं पडला होता म्हणून उशीर.

"पायलीभर धान द्या बाई. पानकराचा हक."

माझं ठरलेलं उत्तर— "पोचूभाऊ, मी काय शेती करते? माझ्या मोगऱ्याला नळाचं पाणी पुरतं."

तो ठरल्याप्रमाणे हसला. पायली उपडी करून बुडावर टिचकी मारली. "बरं मंग, पुढच्या साली." चहा प्याला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडली, माझ्या भिंतीच्या कोपऱ्यावर थुंकायच्या बेतात होता, माझा चेहरा पाहून गिळला. गेला.

आमच्या लेआऊटमध्ये तेवीस घरं. तो फक्त माझ्याच दारी का येतो कोणास ठाऊक! चहा बरा होत असावा.

१७ एप्रिल

पंचेचाळीस अंश. कावळेसुद्धा उडायचं टाळतात, पण आज आकाशात ड्रोन. नगरपंचायत नवा विकास आराखडा करते आहे. यापुढे गाव आधुनिक पद्धतीनं वाढणार म्हणे. आजवर ते जुन्या पद्धतीनं वाढलं. तलाव बांधणाऱ्यांनी स्वतःची घरं टेकाडावर बांधली, खाली धानाच्या बांध्या. मग आम्ही शिकले-सवरलेले आलो आणि बांध्यांतच प्लॉट घेतले. स्वस्त होते.

पोचूभाऊची बायको बायनाबाई माझ्या भिंतीपलीकडून ओरडली, "ज्योत्स्नाबाई! ते भिरभिरं माह्या मोहाचा फोटो काढून राह्यलं का वं?" तिनं मोहफुलं वाळत घातली होती. ती चटईसकट आत.

तेवढ्यात पाटातून एक बंडी गेली, दोन ट्रॅक्टर गेले, मोह वेचून येणाऱ्या पाच सायकली गेल्या. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या पाटानं नदीला जातं, तो उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो. तळ सपाट, दोन्ही काठांना करंजाची सावली. सगळं गाव त्यातूनच चालतं. मीही शाळेत त्यातूनच जाते. दोन वर्षांपूर्वी माझ्या रविवारच्या सदरात मी लिहिलं होतं— आमच्या गावात खड्डा नसलेला एकच रस्ता आहे, कारण तो कोणी बांधलेला नाही. हा पाट म्हणजे आमचा राजमार्ग, शासनानं त्याला तसा दर्जा द्यावा. लोक हसले होते. एकानं तर फोन करून कविता म्हणून दाखवली. स्वतःची.

२ मे

नगरपंचायतीच्या सभागृहात आराखडा टांगलाय. पंखे चार, फिरतो एक, त्यामुळे गावाचं सगळं भवितव्य त्या एका पंख्याखाली गोळा झालेलं. नकाशा मात्र देखणा! बागा हिरव्या. तलाव निळा— सध्या त्यात म्हशी उभ्या राहतात, पोटही भिजत नाही. आणि तलावाच्या सांडव्यापासून थेट नदीपर्यंत एक रुंद तपकिरी पट्टा. 'प्रस्तावित सिमेंट रस्ता, बारा मीटर.'

पाट कुठे आहे म्हणून शोधला. पाट नाहीच. पाटाचाच रस्ता केलाय!

कनिष्ठ अभियंता प्रणित धावत आला. माझाच विद्यार्थी, भूगोलात वर्गात पहिला— हे आता कोणाला सांगत नाही. चेहरा फुललेला. "म्याडम, तुमचं स्वप्न!" अहवालाचं पान उघडून दाखवलं. परिशिष्ट तीन, नागरिकांची मागणी. माझा लेख. 'राजमार्ग' या शब्दाखाली हिरवी रेघ.

"अरे प्रणित, तो पाट आहे! पाण्याचा!"

"पन ड्रोनमध्ये चाकोरी दिसते ना म्याडम. बंडीची, ट्रॅक्टरची. पानी एक थेंब नाई."

"एप्रिलात कुठून दिसेल? उतार बघायचा की नाही?"

तो थोडा अवघडला. "उंचीचं पॅकेज वेगळं होतं म्याडम. तेवढा निधी नव्हता."

म्हणजे गाव मोजलं, फक्त उंची सोडून मोजलं! वरून पाहिलं तर आमचं गाव पोळपाट दिसतं. हरकती व सूचना एकतीस मेपर्यंत, लेखी.

३ मे

पोचूभाऊला सांगितलं. आधी खूप हसला. "होऊ द्या ना बाई! पानी सडकेनं चालत जाईन. त्याले चप्पल घेऊन देऊ."

मग विचारलं, "किती उच्च होईन सडक?"

तीन फूट भराव, वर सिमेंट.

हसणं थांबलं. त्याचं घर पाटाच्या काठाला लागून, मातीच्या भिंतीचं. तो घराकडे पाहत राहिला. "मंग आमच्याच घरून जाईन ते." बायनाबाई ओटा सारवत होती. तिचा हात शेणाच्या गोळ्यावर तसाच थांबला. मी लिहिलेला लेख तिला वाचता येत नाही हे किती बरं, असं मनात आलं— आणि त्याचीच लाज वाटली.

गंमत माझी. घर त्यांचं.

६ मे

सकाळी सहाला प्रणितला बोलावून घेतलं. शिक्षिका असण्याचा हा एक फायदा, अभियंता झालेला विद्यार्थीसुद्धा सहाला येतो. पोचूभाऊ पाण्याचा लोटा घेऊन हजर. आम्ही पाटातून चाललो. तो बोलत होता, पुढाऱ्यासारखा नव्हे, नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसा. "इथी पानी दम घेते. इथी पळते. या दगडाले त्याचा राग हाय, पाहा कसा खाल्ला."

गेल्या वर्षी झालेल्या आमच्या गल्लीच्या सिमेंट रस्त्यावर त्यानं लोटा उपडा केला. पाणी क्षणभर थबकलं, मग एक बारीक शेपटी काढली आणि सुळकन त्याच्या घराच्या दिशेनं गेलं. प्रणितनं खिशातून मोबाइल काढला, परत ठेवला. "लेका, हे त उंचीचं पॅकेज झालं," मी म्हटलं.

"पोचूभाऊ फ्री मंदी करून देते," तो पुटपुटला. पोरात सुधारणा आहे.

एक गोष्ट. पोचूभाऊच्या सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, पाट एकदम काटकोनात वळतो. पाणी आपणहून काटकोनात वळत नाही, हे मी सातवीला शिकवते. विचारलं, "इथे कोपर का आलं पाटाला?"

"पडलं बा तसंच." आणि खर्रा तोंडात. तोंडात खर्रा असला की पोचूभाऊला बोलता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

८ मे

प्रणितचा निरोप— लोटा अहवालाला जोडता येत नाही. पाट होता याचा कागद हवा. जुना नकाशा, काहीही. पोचूभाऊचा कागद पोचूभाऊच्या डोक्यात. त्याला शिक्का कुठे मारणार?

११ मे

सापडला! माझ्याच घरात! गुणवंतराव भातगिरणीत मुनीम होते. मालकानं बांध्या मोडून प्लॉट पाडले तेव्हाचे जुने कागद त्यांनी लोखंडी पेटीत जपून ठेवलेत. तळाशी कापडावर चिकटवलेला गावनकाशा, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. तलाव, पाळ, सांडवा, आणि पाट निळ्या शाईत, अजून ठसठशीत. आनंदानं ओरडलेच.

मग चष्मा लावून पाहिलं. पाट पोचूच्या घराजवळून जातच नाही. तो सरळ येतो— बांधी क्रमांक चौदामधून. चौदा म्हणजे आमचा प्लॉट. पूर्वेची भिंत, कपडे धुवायचा दगड, लिंबाचं झाड. घर एका हाताच्या अंतरानं वाचलंय.

कुरिअरवाल्याच्या मोबाइलची आठवण झाली.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

गुणवंतराव खुर्चीत अंग चोरून बसले. "मालक म्हने पाट बंद झाला. सुकला होता तवा."

"महिना कोणता होता?"

"...मे."

मालकानंच वळवला असणार. दुसरं कोण वळवणार?

१२ मे

नकाशा कपाटात. किल्ली माझ्या कमरेला.

१९ मे

हा नकाशा दिला तर पाट सिद्ध होतो, रस्ता रद्द होतो, पोचूचं घर वाचतं. आणि पाट कुठला सिद्ध होतो? माझ्या अंगणातला. भिंत जाईल, लिंबू जाईल. न दिला तर कोणाला कळणार नाही. मी तर लेखातून समाजाचं ढोंग उघडं पाडते! पंचवीस मे, सव्वीस मे असे दिवस कॅलेंडरवर उभे आहेत, उशिरा आलेल्या पोरांसारखे, माझ्याकडे बघत.

बायनाबाईनं भिंतीवरून वाटीभर टोळ्या दिल्या, मोहाचं फळ. "भाजी कराले व्हते." भाजी केली. उत्तम झाली. वाटी परत द्यायला मात्र गुणवंतरावांना पाठवलं.

२७ मे

गुणवंतरावांनी आज लिंबाची सगळी लिंबं उतरवली. पिकलेली, न पिकलेली, सगळी. मी पाहत राहिले. म्हणाले, "लोणचं टाकून घे यंदा मोठं. मंग झाड राहते का नाई, कोनाले माहीत."

हा माणूस अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही 'तुझं बरोबर आहे' असं म्हणाला नाही. लिंबं मात्र उतरवतो.

३१ मे

हरकत दिली. नकाशा जोडला. पोच घेतली. येताना पाटातूनच आले.

१८ जून

सुनावणी. बाहेरगावाहून आलेले साहेब, समोर फायलींचा ढीग, कपाळावर घाम. माझा लेख त्यांच्या हातात.

"तुम्हीच मागणी केली होती ना, बाई?"

"ती गंमत होती, साहेब."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

"खोटं नाही. गंमत."

"नोंदीत काय घेऊ?"

"घ्या, लेखिकेला गंमत नीट जमली नाही."

त्यांनी खरंच लिहून घेतलं! शासनदरबारी माझ्या वाङ्मयाचं हे पहिलंच परीक्षण. मागच्या खुर्चीवर पोचूभाऊ मान डोलावत होता, कीर्तनाला बसल्यासारखा.

मग साहेबांनी कापडाचा नकाशा पसरला, चौदा नंबरवर बोट ठेवलं. "इथे कोण राहतं?"

"मी," म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

२६ जून

प्रणित पेढे घेऊन आला. रस्ता वगळण्याची शिफारस झाली. पाट मूळ जागी, दोन्ही बाजूंनी झाडांचा पट्टा. आराखडा मंजुरीला वर गेला. किती दिवस? "वर्ष धरा म्याडम." तलाव तर ऑगस्टात भरतो. त्याला मंजुरी लागत नाही.

९ जुलै

अनर्थ! रस्त्याच्या ठेकेदारानं काम आपलंच आहे असं धरून पाटात आधीच मुरूम आणून टाकला. सहा टिप्पर. नेमका पोचूच्या सांदवाडीतल्या त्या कोपरावर. आता पाणी आलं की वळायला वाट नाही, थेट पोचूच्या घरात. प्रणितनं जाऊन काम थांबवलं. काम थांबलं, मुरूमही तिथेच थांबला. उचलायचा कोणी यावर आता पत्रव्यवहार चालू आहे. ऐकण्यासारखी वाक्यं आहेत त्यात— 'सदर मुरूम सदर ठिकाणी कसा पोहोचला याचा खुलासा सदर मुरुमासह सादर करावा.' एरवी यावर मी हजार शब्द लिहिले असते.

२८ जुलै

चार दिवस झड. पाऊस थांबायला तयार नाही. तलाव काठोकाठ यायला चार हात बाकी. पोचूभाऊ पाळीवर जाऊन काठी रोवून येतो. बायनाबाईनं धान्याच्या ढोल्या आमच्याकडे आणून ठेवल्या. सहज. "दोन दिवस राहू द्या." मुरमाचा ढीग भिजून दगडासारखा घट्ट झालाय, फावडं लागत नाही.

३१ जुलै

चार हातांचे दोन हात.

सकाळी उठले तर अंगणात धप्प धप्प. गुणवंतराव, वय अठ्ठावन्न, बनियन-लुंगीवर, घण घेऊन माझ्या पूर्वेच्या भिंतीवर! तीच भिंत, जिला स्वतः उभं राहून पाणी मारलं होतं. मी म्हटलं, "अहो, मंजुरी?"

"कोनाची? माही भिंत हाय." दम घेऊन म्हणाले, "पाहत काय राह्यली? घमेलं आन."

घमेलं आणलं. प्रणित आला, पॅन्ट दुमडली. शासकीय माणूस विटा उचलतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी पोचूभाऊ आला, बघून उभाच राहिला. मग फावडं घेतलं आणि अंगणातून असा चर काढत गेला की जणू त्याला जमिनीखालचं दिसतंय. जुन्या पाटाचा दगडी काठ खरंच लागला, दीड हात खाली! लिंबाच्या मुळांनी त्याला मिठी मारलेली. झाड राहिलं. पोचूभाऊनं चर थोडा वाकवून घेतला त्याच्यासाठी.

मला माझंच कौतुक वाटलं आज, खोटं कशाला लिहू. त्याग वगैरे शब्द मनात येऊन गेले.

११ ऑगस्ट

सांडवा सुटला, सकाळी साडेनऊला. आधी आवाज आला, पोती ओढल्यासारखा. मग करंजाची पानं, एक चप्पल, फेस, आणि मागून तांबूस पाणी माझ्या अंगणात शिरलं. कपडे धुवायच्या दगडाला वळसा, लिंबाला वळसा, पलीकडच्या भगदाडातून बाहेर. जणू कालच इथून गेलं होतं. जोत्याला एक वीत कमी. पोचूच्या घराकडे थेंब नाही. बायनाबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, इथून कळलं नाही.

आणि दारात कुरिअरवाला! रेनकोट, हातात मिक्सरचं भांडं. "म्याडम, आज लोकेशन बराबर हाय!"

१२ ऑगस्ट

बायनाबाई ढोल्या न्यायला आली. मी सहज म्हटलं, त्या गिरणीमालकानं पाट वळवला नसता तर ही पाळीच आली नसती.

"मालकानं? तो कायले वळवीन? मालकानं नुसते प्लॉट पाडले वं."

मग कोणी?

"माह्या सासऱ्यानं अन् पोचूनं. तुमी भिंत बांधली त्या साली. पानी आलं असतं त भिंत जात होती तुमची. तुमची पोट्टी लहान व्हती ना, दिव्यानी, रांगत व्हती. म्हून आमच्या सांदवाडीतून खंदला. पंधरा दिवस, पान्यात उभं राहून. वांग्याचे वाफे गेले सारे."

मला सांगितलं का नाही?

"सासरा म्हने, सांगाचं नाई, पायली मांगाची. त्यानंच रीत लावून देली. पोचू येते ना दरसाली तुमच्या दारी." ती हसली. "तुमी म्हनता, मी काय शेती करते? तो घरी येऊन सांगते, लय हासते."

एकोणीस वर्षं तिचं घर माझ्या पाण्याच्या काठाला होतं.

१४ ऑगस्ट

गिरणीतून धानाचं पोतं आणलं. पायलीनं मापायला बसले नाही. पोचूभाऊ पाळीवर होता, बायनाबाई धानाच्या रोवण्यावर. गुणवंतरावांनी एक टोक धरलं, मी दुसरं. पोतं त्यांच्या ओसरीवर टेकवलं. खुंटीला त्याची लोखंडी पायली होती, दरवर्षी माझ्या फाटकातून रिकामी गेलेली. ती काढून पोत्यावर ठेवली. उपडी, तो करतो तशी. बुडावर एक टिचकी मारली, आणि आम्ही पाटाच्या काठाकाठानं घरी आलो.